पिकअपचा ऑइल कूलर लीक झालाय? हेड खोलण्याआधी हे तपासा



मालवाहू गाडीवर धंदा उभा करायचा म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, तुम्हाला गाडी चालवता आली नाही तरी चालेल, चालक ठेवता येतो. पण मेकॅनिक काय बोलतोय ते कळलं पाहिजे. आजचा धडा त्यासाठीच. विषय आहे डिझेल पिकअपचा गळका ऑइल कूलर. पार्ट हातात मावेल एवढा. पण निदान चुकलं की हेड उतरतं, गाडी आठवडाभर गॅरेजला पडते आणि एवढं करून गळती तशीच राहते.

समजा, तुम्ही नारायणगावच्या मार्केटमधून टोमॅटो भरून आळेफाटा, माळशेज, कल्याण करत वाशीला नेता. गाडी बाजाराच्या वेळेला पोचलीच पाहिजे, उशीर झाला की भाव पडतो. एका रात्री चालकाचा फोन येतो, "दादा, कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग दिसतोय, काय करू?" याचं उत्तर तुम्हाला त्याच फोनवर देता आलं पाहिजे.

कूलरच्या आत काय चालतं

इंजिन ऑइल नुसतं वंगण देत नाही, उष्णताही वाहून नेतं. लोड भरून घाट चढताना ऑइलचं तापमान सहज १०० अंशांच्या वर जातं. फार तापलं की ते पातळ होतं, प्रेशर उतरतं आणि सगळ्यात आधी टर्बो आणि बेअरिंगवर संकट येतं. म्हणून ऑइल कूलरमधून फिरवतात. बहुतेक डिझेल इंजिनांत हा कूलर पातळ पत्र्यांच्या थरांचा असतो आणि ब्लॉकला किंवा ऑइल फिल्टरच्या हाउसिंगला बोल्टने बसवलेला असतो. एका थरातून ऑइल जातं, शेजारच्या थरातून कूलंट. मध्ये फक्त पत्रा.

आता हे नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं निदान यावरच आहे. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब साधारण २ ते ५ बार असतो. कूलंटचा दाब रेडिएटर कॅपवर ठरतो, तो १ बारच्या आसपास. म्हणजे पत्र्याला चीर पडली तर चालत्या गाडीत ऑइल कूलंटमध्ये घुसतं. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब शून्यावर येतो, पण गरम कूलंटचा दाब बराच वेळ टिकतो. मग उलटा प्रवास सुरू होतो आणि कूलंट ऑइलमध्ये उतरू लागतं. मुक्कामाला पोचल्यावर गाडी उभी असते, सगळे झोपलेले असतात आणि इंजिनचं खरं नुकसान तेव्हा होत असतं.

तेल कुठे गेलं ते आधी बघा

पहिला प्रकार बाहेरच्या गळतीचा. हाउसिंगचं गॅस्केट किंवा ओ-रिंग कडक झाली की ऑइल बाहेर झिरपतं आणि खाली डाग पडतो. यात घाबरायचं कारण नाही, पण जागा शोधताना फसायला होतं. तेल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे जिथून थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. त्या भागाची बाजू आधी डीग्रीझरने धुवा, सुकवा, वर टाल्कम पावडर भुरभुरा आणि इंजिन १५ मिनिटं चालवून टॉर्चने बघा. पावडर जिथे सगळ्यात वर ओली झाली, ती जागा. कित्येकदा दोष कूलरचा नसतोच, वरच्या रॉकर कव्हरचं गॅस्केट किंवा टर्बोची ऑइल पाइप गळत असते.

दुसरा प्रकार म्हणजे ऑइल कूलंटमध्ये. टाकीत तवंग, नंतर तपकिरी चिखल. डिपस्टिकवरचं ऑइल मात्र स्वच्छ.

तिसरा प्रकार म्हणजे कूलंट ऑइलमध्ये. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा रंग, आणि ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली. असं दिसलं तर गाडी तिथेच बंद. टोचन करून आणा. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगवर थर धरत नाही आणि पुढचे २०-३० किलोमीटर तुम्हाला अख्ख्या इंजिनच्या किमतीला पडू शकतात. आणखी एक, इंजिन बिघडण्याचा हा खर्च नेहमीच्या मोटार विम्यात बसत नाही. घसारा आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीत वगळलेलेच असतात.

पावसाळ्यात किंवा थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसतो. तो नुसत्या दमटपणाचाही असू शकतो. डिपस्टिक स्वच्छ असेल तर लगेच घाम फोडून घेऊ नका. खात्री करायची असेल तर रात्रभर उभ्या गाडीचा ड्रेन बोल्ट सकाळी हळूच ढिला करा. कूलंट ऑइलपेक्षा जड असतं, ते तळाशी बसतं आणि आधी तेच बाहेर येतं.

हेड गॅस्केट की कूलर?

इथे पैसे जातात. ऑइल आणि पाणी एक झालेलं दिसलं की बऱ्याच गॅरेजमध्ये पहिलं वाक्य असतं, "हेड गॅस्केट उडालंय, हेड खोलावं लागेल." कधी ते खरंही असतं. पण हेड खोलण्याआधी कूलर तपासणं स्वस्त आहे, हे मेकॅनिकलाही मान्य असतं. तुम्ही फक्त विचारायला हवं.

हेड गॅस्केट गेलं असेल तर सिलिंडरमधला गॅस बहुधा कूलंटमध्ये शिरतो. थंड इंजिन स्टार्ट केल्यावर थोड्याच वेळात होज पाइप दगडासारखे कडक होतात, टाकीत बुडबुडे येत राहतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, स्टार्टिंगला मिसिंग होतं. यातलं काहीच नसेल आणि तरी कूलंटमध्ये तेल असेल, तर संशय आधी कूलरवर घ्या.

पक्की परीक्षा साधी आहे. कूलर काढायचा, कूलंटच्या बाजूची तोंडं उघडी ठेवायची, ऑइलच्या बाजूचं एक तोंड बंद करून दुसऱ्यातून हवा भरायची आणि कूलर पाण्याच्या टबात बुडवायचा. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसंच. हवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाबाइतकीच भरायची, जास्त नाही. पाणी गरम घ्या, कारण काही चिरा तापल्यावरच उघडतात आणि थंड पाण्यात कूलर निर्दोष वाटतो. बुडबुडे आले की वाद मिटला. ही परीक्षा तुमच्यासमोर करायला सांगा, वाटल्यास चहा तुमच्याकडून.

दुरुस्ती करून घेताना

बाहेरची गळती असेल तर नवीन गॅस्केट आणि ओ-रिंग बसवून काम होतं. आतली चीर असेल तर कूलर बदलायचा. वेल्डिंग करून देणारे भेटतील, पण पातळ थरांच्या आत हात पोचत नाही, आणि पुढच्या घाटात तोच जोड पुन्हा सुटतो. भंगार बाजारातून जुना कूलर आणायचा मोह टाळा. तो ज्या इंजिनमधून निघाला, ते इंजिन बेअरिंग जाऊन संपलेलं असेल तर धातूचा चुरा त्या थरांत अडकलेला असतो आणि धुऊन पूर्ण निघत नाही. तो चुरा तुम्ही आपल्या इंजिनात सोडणार.

रेडिएटरमध्ये हळद किंवा स्टॉप-लीक पावडर टाकायचा जुगाड तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवेल. रेडिएटरचं बारीक छिद्र त्याने तात्पुरतं बुजतं हे खरं. पण कूलरच्या अरुंद वाटाही त्यानेच बुजतात. आणि ५ बारने ढकललं जाणारं ऑइल हळदीला काय ऐकणार?

काम चालू असताना तुम्ही उभं राहून चार गोष्टी बघितल्या तरी पुरे. गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली स्टँड हवेत. जुनं गॅस्केट खरवडताना ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ग्राइंडर लागता कामा नये. लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी वापरायची, कारण एक चरा म्हणजे नवी गळती. मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तिथे सिलिकॉन पेस्ट नको, कारण जास्तीची पेस्ट आत तुटून ऑइलच्या वाटा बंद करते. ओ-रिंगला ऑइलचा हात लावून बसवायची आणि बोल्ट टॉर्क रेंचने, समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्या मिस्त्रीचा अंदाज बरोबरही असेल, पण हाउसिंगला तडा गेला तर बिल तुमच्या नावावर आहे.

खरी कसोटी पुढे आहे, आणि तिथेच काम उरकलं जातं. कूलंटमध्ये ऑइल गेलं असेल तर कूलर बदलून भागत नाही, सगळी कूलिंग सिस्टिम धुवावी लागते. थर्मोस्टॅट काढून, हीटर असेल तर तो गरमवर ठेवून, रेडिएटर फ्लशच्या द्रावणाने इंजिन चालवायचं, रिकामं करायचं आणि पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा तेच. भांड्याचा साबण नको, फेस होऊन हवा अडकते. फ्लश अर्धवट राहिला तर चिखल रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, महिनाभरात गाडी गरम होऊ लागते आणि दोष नव्या कूलरवर येतो. तेल लागलेले रबरी होज पाइप फुगतात. दाबून बघा, मऊ-भुसभुशीत लागले तर बदला.

उलट प्रकार असेल, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये गेलं असेल, तर नवीन ऑइल आणि फिल्टर घालून थोडा वेळ आयडलवर चालवायचं, ते काढून टाकायचं आणि मग परत नवीन ऑइल, नवीन फिल्टर. दोनदा ऑइलचा खर्च ऐकून जिवावर येतं, पण यात काटकसर करू नका. जुना फिल्टर कापून बघायला सांगा. आत चमकणारा चुरा दिसला तर चेंबर उतरवून बेअरिंग तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. पहिल्या स्टार्टच्या आधी इंजिन चालू न होऊ देता थोडं थोडं क्रँक करून ऑइलचा दिवा विझू द्यायचा.

शेवटी कूलंट भरायचं आणि हवा काढायची. कूलंट कंपनीने सांगितलेल्याच प्रकारचं, मिसळायचं पाणी डिमिनरलाइज्ड. बोअरचं पाणी अजिबात नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार चहाच्या भांड्यात बसतात तसेच कूलरमध्ये बसतात, आणि गंज लागतो तो वेगळा. गळक्या कूलरच्या मुळाशी बरेचदा "कूलंट कमी झालं होतं, ढाब्यावरचं पाणी ओतलं" एवढंच असतं. सोबत रेडिएटर कॅपही बदलून टाका.

धंद्याचं गणित

समजा, डिझेल, टोल आणि चालक वजा जाता गाडी रोज २,००० रुपये राखते. नीट काम करायला दोन दिवस लागले तर ४,००० गेले. निदान चुकून हेड उतरलं आणि सहा दिवस गेले तर १२,००० गेले, आणि त्यात गॅरेजचं बिल अजून आलेलंच नाही. बँकेचा हप्ता गाडी उभी आहे की चालतेय हे बघत नाही. म्हणून मजुरीत ५०० रुपये कोण कमी घेतो यापेक्षा टबाची परीक्षा आणि फ्लश कोण करून देतो ते आधी विचारा. अंदाजपत्रक कागदावर घ्या: कूलर, गॅस्केट किट, ऑइल, फिल्टर, कूलंट, फ्लश, मजुरी, दिवस. पार्टचं पक्कं बिल घ्या, त्याशिवाय वॉरंटी मागता येत नाही.

आणि व्यापाऱ्याला खोळंबवू नका. ते दोन दिवस ओळखीच्या पिकअपवाल्याला तुमचं भाडं पूर्ण द्या, मधलं कमिशन घेऊ नका. माल वेळेवर पोचला तर व्यापाऱ्याच्या मोबाईलमध्ये नंबर तुमचाच राहतो. अशा खर्चासाठी किलोमीटरमागे १ रुपया बाजूला टाकायची सवय पहिल्याच महिन्यापासून लावा. महिन्याला ३,००० किलोमीटर चालणारी गाडी वर्षात ३६,००० रुपये जमवते.

आता चालकाच्या त्या फोनचं उत्तर. "गाडी बाजूला घे. गरम असताना झाकण उघडू नकोस. अर्ध्या तासाने डिपस्टिक पुसून परत घाल आणि फोटो पाठव." ऑइल दुधाळ असेल तर टोचन आणि मालासाठी दुसरी गाडी. ऑइल स्वच्छ असेल आणि तवंग थोडाच असेल, तरी जवळचं गॅरेज गाठण्यापुरतीच गाडी हलवायची, तीही तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून. माळशेज उतरण्याआधी हे कळलं तर उतरायचंच नाही, घाटात मदत मिळायला वेळ लागतो.

दुरुस्तीनंतर पहिले ५०० किलोमीटर रोज सकाळी थंड इंजिनवर टाकी आणि डिपस्टिक बघायला लावा आणि दोन्हीची पातळी चालकाच्या वहीत लिहून घ्या. पहिले काही दिवस टाकीत किंचित तवंग येऊ शकतो, तो राहिलेला अंश असतो. तो रोज कमी होत गेला पाहिजे, वाढला तर गाडी परत गॅरेजला. काढलेलं कूलंट उघड्यावर ओतू देऊ नका. त्यातलं ग्लायकॉल गोड लागतं आणि कुत्री-गुरं ते पितात, ते विषारी असतं. जळकं ऑइलही गटारात नाही. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे, अधिकृत रिसायकलरकडे जातो. गॅरेजवाला ते कोणाला देतो, एकदा विचारून घ्या.