पैसे कुणाच्या खिशातून येतात, ते आधी बघा

ऑनलाइन सट्टा म्हणजे काय, हे भिलाईत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोलाद कारखान्याने नाव मिळवून दिलेलं हे शहर 2023 साली ‘महादेव ऑनलाइन बुक’ या सट्ट्याच्या ॲपमुळे देशभर गाजलं. भिलाईचेच सौरभ चंद्राकर आणि रवी उप्पल हे दोघं दुबईत बसून हे जाळं चालवत होते, असा अंमलबजावणी संचालनालयाचा, म्हणजे ईडीचा आरोप आहे. त्या सप्टेंबरात ईडीने 417 कोटींची मालमत्ता गोठवल्याचं, जप्त केल्याचं जाहीर केलं. 5 नोव्हेंबरला केंद्र सरकारने महादेवसह 22 बेकायदा ॲप आणि संकेतस्थळांवर बंदी घातली. पुढे तपास सीबीआयकडे गेला. हे सगळं पेपरांत छापून आलं आहे.

ईडीच्या त्या निवेदनातली एक गोष्ट मात्र फारशी चर्चेत आली नाही. नवे खेळणारे आणि नवे ‘पॅनल’वाले, म्हणजे सट्ट्याची शाखा चालवणारे, मिळावेत म्हणून जाहिरातींवर रोखीने मोठा खर्च होतो, असं त्यात म्हटलं होतं. जाहिरात म्हटली की लिहिणारा आला. मी तो लिहिणारा होतो. बेटिंग आणि कसिनोच्या साइट्सवर लिहून मी काही वर्षं पोट भरलं. महादेवशी माझा संबंध नव्हता. माझं काम एका मध्यस्थ एजन्सीमार्फत परदेशी साइट्ससाठी चालायचं. घरी मराठी, शाळेत हिंदी, कामापुरतं इंग्रजी, अशी तीन भाषांची माणसं भिलाईच्या सेक्टरांत घरोघरी आहेत आणि या धंद्याला नेमकी तीच हवी असतात. आजही ओळखीची मुलं विचारतात, ‘दादा, काम आलंय, घेऊ का?’ त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी काम कसं असतं ते सांगतो. आयपीएलच्या दिवसांत दुपारी कागद यायचा: मुंबई विरुद्ध चेन्नई, 800 शब्द, मराठीत, संध्याकाळी सहाच्या आत. खेळपट्टी, टॉस, मागचे पाच सामने, मग ‘आजचा अंदाज’ आणि त्याखाली सट्ट्याच्या साइटवर नेणारं बटण. सोबत सूचनांची यादी. तिच्यात एक ओळ कायम असायची: ‘हरणे’ हा शब्द फक्त संघाच्या बाबतीत वापरावा, वाचकाच्या बाबतीत नाही. ‘जबाबदारीने खेळा’ हे अगदी तळाला, बारीक टाइपात. एकूण लेख क्रिकेटचा दिसायचा, पण त्याचं काम वाचकाला बटणापर्यंत नेणं एवढंच.

मोबदल्याचं गणित नव्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही. लेखामागे मिळतात ते पैसे किरकोळ. खरी कमाई लेख छापणाऱ्या साइटच्या मालकाची, आणि ती दोन तऱ्हांनी होते. एका पद्धतीत, दुव्यावरून येऊन पैसे भरणाऱ्या प्रत्येक नव्या माणसामागे ठरावीक रक्कम मिळते. दुसरीत त्या माणसाच्या तोट्यात हिस्सा मिळतो, सर्वसाधारणपणे 25 ते 40 टक्के, आणि तो खेळत राहील तितके दिवस. म्हणजे तुमचा लेख वाचून कुणी जिंकला तर साइटला खोट, हरला तर फायदा. एकदा हिशेबाचा पडदा माझ्यासमोर उघडला गेला. नावं नव्हती, नुसते क्रमांक. त्यातल्या एकाने रात्री पावणेदोनला दोन हजार भरले होते, दोनला पुन्हा दोन हजार, सव्वादोनला पाच हजार. काढलेल्या रकमेचा रकाना रिकामा होता. शेजारी आमच्या साइटचा हिस्सा हिरव्या अक्षरांत.

‘चांगला अभ्यास केला तर वाचक जिंकेल, मग आपण त्याचं भलंच करतोय,’ असंही ऐकवलं जातं. आकडे बघा. तुल्यबळ सामन्यात दोन्ही संघांना 1.90 भाव असतो. दोन्हीकडे शंभर-शंभर लावले तर दोनशे जातात आणि कुणीही जिंको, परत येतात 190. दहा रुपये दुकानाचे. विमान उडवणाऱ्या खेळांत आणि स्लॉटमध्ये शंभराला सरासरी 97 परत मिळतात अशी जाहिरात असते, आणि 97 म्हटलं की माणूस खूश होतो. पण ते 97 पुन्हा लावले, परत आलेले पुन्हा लावले, असं तीसदा झालं की सरासरीने चाळीसच उरतात. हे साधं गणित माझ्या कोणत्याही लेखात छापलं गेलं नाही. मी घातलं की ते संपादनात गळायचं.

आता माझ्यावर गुदरलं ते. माझे पैसे दर महिन्याला वेगळ्या खात्यातून यायचे. कधी कुणा अनोळखी व्यक्तीच्या नावावरून, कधी कुठल्याशा ‘ट्रेडर्स’कडून. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘आमचा अकाउंटंट बदललाय.’ एका सकाळी किराणा दुकानात यूपीआय चालेना. बँकेत गेलो तर कळलं, खातं गोठवलंय. दुसऱ्या राज्यात कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली होती. त्याने सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार केली होती आणि त्याच्या रकमेतला तुकडा दोन-तीन खात्यांतून फिरत माझ्यापर्यंत आला होता. या धंद्याचा पैसा दुसऱ्यांच्या नावाने उघडलेल्या खात्यांतून फिरवला जातो, हे महादेव प्रकरणात सगळ्यांनी वाचलं होतं. त्या साखळीचं शेवटचं टोक लिहिणाऱ्याच्या पासबुकात असू शकतं, हे मला त्या काउंटरवर समजलं. एजन्सीचा फोन बंद. वडिलांच्या औषधांचे पैसे त्याच खात्यात. बिलं आणि ईमेल जपून ठेवले होते म्हणून तपास अधिकाऱ्यांना कामाचा पुरावा देता आला. तरी खातं मोकळं व्हायला महिने गेले.

आणि आता कायदाही बदलला आहे. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारं विधेयक संसदेने मंजूर केलं आणि 22 ऑगस्ट 2025 रोजी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणं एवढंच नव्हे, तिला मदत करणंही त्यात येतं. ‘मी फक्त लिहितो’ या बचावावर विसंबू नका. ‘ही बातम्यांची साइट आहे’ हा बचावही नवा नाही. बेटिंग कंपन्या बातम्यांच्या साइट्सचा मुखवटा घेऊन जाहिरात करतात, असा इशारा माहिती व प्रसारण मंत्रालयाने ऑक्टोबर 2022 मध्येच दिला होता. आपल्या छत्तीसगडचा 2022 चा जुगारविरोधी कायदा आहे, तो वेगळाच.

म्हणून काम घेण्याआधी चार गोष्टी तपासा.

एक, पैसे कोण देणार? कंपनीचं नाव, जीएसटी क्रमांक, करारावरची सही आणि खात्यावरचं नाव एकच हवं. क्रिप्टोत किंवा तिऱ्हाइताच्या खात्यातून देतो म्हणाले की नकार द्या. आपलं खातं दुसऱ्याला ‘वापरायला’ तर कुठल्याही भाड्यावर देऊ नका. भिलाईच्या सुपेल्यात असो वा नागपुरात, ते देणारी पोरं सगळ्यात आधी पकडली जातात.

दोन, लेखाखाली बटण आहे का? असेल तर ते कुठे नेतं ते स्वतः दाबून बघा. साइटचा पत्ता महिन्या-महिन्याला बदलत असेल, तर ती बंदीपासून पळते आहे, एवढं ओळखा.

तीन, वाचकाचा तोटा लिहिण्याची मुभा आहे का? एक वाक्य घालून पाहा. ते गळलं, तर तुम्ही पत्रकार नाही, विक्रेते आहात.

चार, स्वतःचं नाव छापायला तयार आहात का? टोपणनावाने केलेलं काम पुढच्या नोकरीत दाखवता येत नाही. माझी ती वर्षं अर्जात कोरीच राहिली.

खातं गोठलंच, तर घाबरून दलाल गाठू नका. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी घ्या, करार आणि बिलं जोडून तपास अधिकाऱ्यांना पाठवा, पोच ठेवा. तेवढ्याने भागलं नाही तर वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करता येतो. घरात कुणी खेळण्यात अडकलं असेल तर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा क्रमांक आहे; फोन फुकट आहे.

हा विषय लिहिण्याजोगा नाही, असं माझं म्हणणं नाही. उलट आत्ताच त्यावर चांगलं लिहिणाऱ्यांची गरज आहे. भावांचं गणित सोपं करून सांगणारे, न्यायालयातल्या तारखा पाळणारे, खातं भाड्याने दिलेल्या पोराच्या आईशी बोलणारे मराठीत फार थोडे आहेत. तिथे मोबदला कमी मिळतो, पण तो वाचक किंवा छापणारा देतो, वाचकाचा तोटा नाही. मला विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगतो: ज्या कामात वाचक हरल्यावर तुमचा पगार निघतो, ते काम घेऊ नका.