बुजऱ्या घोड्याचे पहिले दिवस

जिंजीचा तेजसिंग, म्हणजेच तमिळ लोकगाथांतील देसिंगु राजा, 1714 मध्ये अर्काटच्या नवाबाशी लढताना मारला गेला. गाथा सांगते की, कोणालाही पाठीवर बसू न देणाऱ्या बादशाही घोड्यावर या तरुणाने मांड ठोकली आणि त्याला वश केले. कथा म्हणून प्रसंग रम्य आहे. परंतु नवा घोडा घेणाऱ्याने तो धडा म्हणून गिरवू नये.

चेन्नईतील गिंडीचे शर्यतीचे मैदान फार जुने आहे. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे अनेकदा हौशी स्वारांच्या हाती येतात, आणि नव्या तबेल्यात येताच त्यांतील काही विलक्षण बुजरे वाटू लागतात. पाचोळा सळसळला तरी उसळतात, माणूस जवळ येताच कान मागे पाडतात, दुगाण्या झाडतात. मालक याला खोड म्हणतो. वस्तुतः ती बहुधा भीती असते. घोडा हे शिकार होणारे जनावर आहे; पळून जाणे हाच त्याचा मुख्य बचाव. त्याला दोन्ही बाजूंचे पुष्कळ दिसते, पण नाकाच्या अगदी पुढचे व शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून मागून अचानक येणारा मित्रही त्याला शत्रू भासतो.

शर्यतीच्या घोड्याचे पूर्वायुष्यही ध्यानात घ्यावे. दिवसाचा बहुतेक वेळ तो कोठडीत उभा असतो आणि त्याला भरपूर चंदी मिळते. लगाम ताणला की त्यावर भार टाकून अधिक वेगाने धावण्याची त्याला सवय झालेली असते. नवा स्वार घाबरून लगाम खेचतो तेव्हा घोडा आज्ञाभंग करीत नाही. जुना धडाच पाळतो.

प्रथम पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. दात, पाठ, खूर किंवा जठरातील व्रण दुखत असेल, तर कोणतीही शिकवण व्यर्थ ठरते. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो. त्यासाठी रक्ताची तपासणी आवश्यक आहे. दोन-तीन आठवडे घोडा वेगळा बांधावा. मात्र दुसरा घोडा त्याला दिसेल अशी व्यवस्था ठेवावी, कारण एकाकीपणा त्याला असह्य होतो.

आहार एकाएकी बदलू नये. पोटशूळाचा धोका असतो. आठ-दहा दिवसांत चंदी हळूहळू कमी करून वैरण वाढवावी. साडेचारशे किलो वजनाच्या घोड्याला रोज सात ते नऊ किलो कोरडी वैरण लागते. चेन्नईच्या दमट उष्म्यात पाणी सदैव समोर असावे. काही घोड्यांचे घाम येणेच अशा हवेत थांबते. कातडी कोरडी राहून धाप लागली, तर काम तत्काळ थांबवून अंगावर पाणी ओतावे व पशुवैद्याला बोलवावे. फिरवणे पहाटेच करावे.

पहिले काही दिवस खोगीर बाजूलाच राहू द्यावे. बोलत बोलत, खांद्याच्या दिशेने तिरके जावे. तो ताठरला की थांबावे. मान खाली करून ओठ चाटू लागला, की एक पाऊल मागे सरावे. दोरी किंचित ताणावी आणि त्याने एक पाऊल टाकताच ती ढिली सोडावी. ताण सुटणे हेच त्याचे बक्षीस. मानेच्या मुळाशी खाजवल्याने बहुतेक घोडे शांत होतात. दोरी हाताभोवती कधीही गुंडाळू नये, आणि शिरस्त्राण घातल्याशिवाय जवळ जाऊ नये. पंधरा मिनिटांचा धडा पुरे. शेवट नेहमी त्याला जमलेल्या गोष्टीवर करावा.

दिवाळीच्या फटाक्यांचे किंवा ऑक्टोबर ते डिसेंबरमधील गडगडाटी पावसाचे दिवस असतील, तर नवी शिकवण पुढे ढकलावी. प्रगती सरळ रेषेत होत नाही. काल शांत असलेला घोडा आज उसळेल. अशा वेळी मारणाऱ्याने आठवड्याची कमाई एका क्षणात गमावली असे समजावे. घोड्याला रागाने हाताळू नये, हे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफोनने लिहून ठेवले आहे.

खोडकर ठरलेला घोडा पुन्हा विकला जातो, आणि प्रत्येक विक्रीगणिक त्याची भीती वाढते. शेवटी त्याला घेणारा कोणी उरत नाही. पहिल्या महिन्यातील आपला संयम हा म्हणूनच केवळ स्वाराच्या सोयीचा प्रश्न नव्हे. त्या जनावराचे पुढील आयुष्य त्यावर अवलंबून असते.