झोपेची गोळी मागण्याआधी

पावसाळ्यात गडचिरोलीच्या मुलचेरा तालुक्यात ताप वाढतो, तशी झोप न येण्याची तक्रारही वाढते. तापात आधी रक्त तपासायचं, हे आपल्या मलेरियाच्या जिल्ह्यात पोरासोरांनाही ठाऊक आहे. झोपेसाठी मात्र लोक थेट गोळी मागतात. रोवणी आटोपलेली, नाल्याला पूर आल्यानं रस्ता बंद, आणि डोक्यात धानाचं, कर्जाचं, पोराच्या नोकरीचं दळण सुरूच. झोपण्यापूर्वी हातात काय असतं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: मोबाइल.

त्याचा उजेड डोळ्यांवर पडत राहिला की झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं. शिवाय एक रील संपून दुसरी लागेपर्यंत काळजी पुन्हा डोकं वर काढते. चांगलं लिहिलेलं पुस्तक तिला तेवढी सवड देत नाही. मागचं ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचं कळत नाही, म्हणून मन तिथेच गुंतून राहतं. ‘चांगलं लिहिलेलं’ असं मी मुद्दाम म्हणतो. यशाचे मंत्र सांगणारी पुस्तकं वाचून काहींची धास्ती उलट वाढते, असं माझं मत आहे.

वाचनाचा परिणाम अभ्यासकांनीही तपासला आहे. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग आला. दर्जेदार कथा वाचल्यावर लोकांना दुसऱ्याच्या मनातलं अधिक नेमकं ओळखता आलं. पुढे इतरांनी तो करून पाहिला, तेव्हा तसाच निष्कर्ष दर वेळी मिळाला नाही. म्हणजे एका कथेनं कोणी समंजस होत नाही. वर्षानुवर्षं कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्यांत मात्र हा गुण थोडा जास्त आढळतो. २०१६ मध्ये येल विद्यापीठानं ३,६३५ वयस्क अमेरिकनांची १२ वर्षांची माहिती तपासली. पुस्तकं वाचणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे २० टक्के कमी निघाला. तो वाचनामुळेच कमी झाला, असं यातून सिद्ध होत नाही, पण गोळीपेक्षा हा उपाय निर्धोक, एवढं मी छातीठोकपणे सांगेन.

आपल्याकडच्या बंगाली घरांसाठी एक खास सूचना. आजोबांनी शरच्चंद्र बंगालीत वाचलेले असतात, नातू मराठी शाळेत शिकतो. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आहेत. दोघांनी एकच कादंबरी आपापल्या भाषेत वाचावी आणि जेवताना तिच्यावर भांडावं! ज्या माडिया घरात आजीला अक्षरओळख नाही, तिथे नातीनं मोठ्यानं वाचून माडियात सांगत जावं.

चाळिशीनंतर अक्षरं पुसट दिसतात, डोकं दुखतं. मग माणूस ‘आता वाचन जमत नाही’ म्हणून पुस्तक मिटतो. अहो, चष्मा लावा! मोतीबिंदूही तपासून घ्या. वीज नसेल तर चार्जिंगचा दिवा मागून पुस्तकावर पडेल असा ठेवा. रोज ८-१० पानं पुरेत, आणि नाही रुचलं तर खुशाल सोडून दुसरं घ्या. जिल्हा पोलिसांच्या ‘एक गाव, एक वाचनालय’ उपक्रमातलं वाचनालय जवळ कुठे आहे, याची चौकशी करा.

मात्र २ आठवडे मन उदास, भूक मेलेली, एकच ओळ चारदा वाचूनही डोक्यात शिरत नाही, असं असेल तर पुस्तक बाजूला ठेवून दवाखान्यात या. रस्ता बंद असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. तो फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर २ आठवडे मोजत बसू नका, आजच बोला, आणि घरच्यांनी त्या माणसाला एकटं सोडू नये.