लागवड विहिरीच्या मापाने करा
महाड-पोलादपूरच्या शेतकऱ्यांसाठी रब्बी-उन्हाळी सल्ला

भात कापून झाले की महाड-पोलादपूरच्या खाचरांत वाल, पावटा पेरला जातो आणि विहिरीजवळच्या तुकड्यात वांगी, मिरची लागते. इथे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण उताराची उथळ जमीन तो धरून ठेवत नाही. पाणी सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला जाते आणि उन्हाळ्यात डोंगरातल्या वाड्यांना टँकर लागतो. म्हणून किती गुंठे लावायचे, हे मार्चच्या पाण्यावर ठरवा. डिसेंबरची भरलेली विहीर फसवते.

पिकाची गरज
एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण १०० लिटर, एवढे लक्षात ठेवले की पुढचा हिशेब तोंडी होतो. रोजच्या बाष्पीभवनाला ०.७ ने आणि मग पीक-गुणांकाने गुणा. हा गुणांक लहान रोपांना ०.४ ते ०.६, तर भर फळावरच्या भाजीला १ च्या आसपास धरतात. समजा, मार्चमध्ये बाष्पीभवन ६ मिलिमीटर आहे. ६ × ०.७ × १ = ४.२ मिलिमीटर, म्हणजे दहा गुंठ्यांना रोज ४,२०० लिटर.

पाटाने, सरीतून दिलेल्या पाण्यातले सुमारे ६० टक्केच मुळांना मिळते असे धरले, तर ७,००० लिटर उपसावे लागतील. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर सुमारे ४,७०० लिटर पुरतात.

विहिरीची आवक
चार मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर उंचीला सुमारे १२,५०० लिटर पाणी असते. उपसा थांबवून पातळीवर खूण करा आणि २४ तासांनी चढ मोजा. ४० सेंटिमीटर चढली, तर आवक ५,००० लिटर. एवढ्यात ठिबकवर दहा गुंठे निघतील, पाटपाण्यावर सातच. आवक उन्हाळ्यात घटते. गेल्या मार्च-एप्रिलची पातळी आठवून लागवड ठरवा.

पंप
२०० लिटरचा पिंप ५० सेकंदांत भरला, तर पंप तासाला १४,४०० लिटर देतो. ७,००० लिटरला अर्धा तास पुरे. त्यापुढे पंप चालू राहिला, तर पाणी मुळांखाली जाते.

आत्ता करायची कामे
- वाल अंगओलाव्यावर येतो. कापणीनंतर ओल उडण्याआधी पेरा. पाणी असल्यास फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना एकेक पाळी द्या. ५० मिलिमीटरची पाळी म्हणजे गुंठ्याला ५,००० लिटर.
- वरकस, हलक्या जमिनीत पाळ्या जवळजवळ आणि थोड्या पाण्याच्या द्या. पाटपाण्याचे वाफे पाच भागांत वाटून रोज एक भाग भिजवा.
- ओढ्याला धार आहे तोवर गोणपाटाचा वनराई बंधारा घाला.
- भाजीच्या ओळींत भाताचा पेंढा पसरा.
- आपल्या भागातले बाष्पीभवनाचे आकडे सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) घ्या आणि दर पंधरवड्याला हिशेब नव्याने मांडा.