सापाची अंडी सापडली तर

दारव्हा तालुक्यात मृग नक्षत्रापूर्वी शेणखताचे खड्डे उपसून ते खत शेतात नेण्याची लगबग असते. कपाशी, तूर व सोयाबीनच्या या मुलखात पऱ्हाट्यांच्या गंजी, कुटाराचे ढीग आणि गोठ्यालगतचे उकिरडे घरोघरी आढळतात. जेथे उंदीर तेथे साप; आणि वैशाख-ज्येष्ठात सापाची अंडीही तेथेच. फावड्याच्या टोकाशी पांढुरकी, लांबट, एकमेकांना चिकटलेली दहा-वीस अंडी आली की ती ठेचून टाकावीत, असे अनेकांना वाटते. काही उत्साही तरुणांना ती डब्यात घालून घरी उबवून पाहावीशी वाटतात. हे दोन्ही मार्ग कायद्याने बंद आहेत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'प्राणी' या संज्ञेत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडीही समाविष्ट आहेत आणि त्या अंड्यांना इजा पोहोचविणे किंवा ती अस्ताव्यस्त करणे याची गणना शिकारीत होते. २०२२ च्या दुरुस्तीने नाग व धामण यांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. म्हणजे वन विभागाच्या अनुमतीवाचून ही अंडी घरी ठेवणारा, त्याचा हेतू कितीही चांगला असो, अडचणीत येतो.

कायद्याइतकाच अंड्याचा स्वभावही समजून घ्यावयास हवा. खुडूक कोंबडी आपली अंडी दिवसातून अनेकदा उलटसुलट करते, हे प्रत्येक शेतकरी कुटुंबास ठाऊक असते. सापाच्या अंड्याला तोच न्याय लावला तर आतील जीव मरतो. कोंबडीच्या अंड्यात बलक मध्यभागी धरून ठेवणारे दोन पीळदार तंतू असतात. सापाच्या अंड्यात ते नसतात. अंडी घातल्यावर एक-दोन दिवसांतच गर्भ वरच्या बाजूस कवचाच्या आतून चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले की बलकाचा भार गर्भावर येतो, नाजूक पापुद्रे तुटतात आणि बाहेरून काहीही न दिसता सारे संपते. कवचही चुनखडीसारखे टणक नसून मऊ कातड्यासारखे असते. ते भोवतालचा ओलावा शोषते आणि अंडे वाढत्या दिवसांबरोबर फुगत जाते. कोरड्या जागी ते सुरकुतते, साचलेल्या पाण्यात गुदमरते. साधारण २८ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता त्याला मानवते. बाहेर मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेलेला असताना खड्ड्याच्या आत, हातभर खाली, मादीला हवी तशी सौम्य ऊब व ओल मिळते. मगरीच्या अंड्यांत उष्णतेवर नर-मादी ठरते, सापाच्या बाबतीत तसे होत नाही.

यावरून एक गोष्ट उघड होते. सर्वांत उत्तम उबवणपेटी म्हणजे तोच खड्डा होय. घर व अंगणवाडीपासून तो दूर असेल, तर उघडी पडलेली अंडी न हलविता त्यांवर अलगद खत पसरावे आणि तेवढा कोपरा दोन महिने सोडून द्यावा. शेतकऱ्याचे त्यात काही घमेली खत अडते, एवढेच. मात्र नागाची मादी अंड्यांजवळ राखण करीत राहते, म्हणून हात घालून पाहण्याचा मोह टाळावा. घोणस आणि फुरसे पिल्लांनाच जन्म देतात, तेव्हा अंडी त्यांची नसतात. ती नागाची, मण्यारची की धामणीची, हे नुसत्या अंड्यांवरून ठरविणे धोक्याचे आहे. नाग व धामण यांची जोडी असते, हा समज तर निखालस चुकीचा आहे.

जागा वर्दळीची असल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयास कळवावे. कधी कधी पकडलेली मादी सोडण्यापूर्वीच सर्पमित्राच्या बरणीत अंडी घालते. नराचे बीज ती काही महिने शरीरात साठवू शकते, त्यामुळे एकट्या मादीची अंडीही सफल असू शकतात. अशा वेळी वनाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली ती उबविली जातात. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूस मऊ पेन्सिलीने खूण करून ते त्याच स्थितीत उचलतात. चिकटलेली अंडी सोडवीत नाहीत. झाकणाला बारीक छिद्रे असलेल्या डब्यात नारळाच्या काथ्याचा ओला भुसा घालतात. मूठ आवळली असता पाणी ठिबकू नये, इतकाच तो ओला असावा. त्यात अंडी अर्धी रुतवून डबा उन्हाबाहेर ठेवतात. पाणी द्यावयाचे ते कडेच्या भुशाला, अंड्यांवर नव्हे. तापमानाची नोंद रोज ठेवणे आवश्यक आहे, कारण अनेक प्रयत्न येथेच ढिलाईमुळे फसतात.

नागाची अंडी सुमारे सात ते दहा आठवड्यांत उमलतात. पिल्लू तोंडाच्या टोकावरील इवल्याशा दाताने कवच चिरते, डोके बाहेर काढते आणि उरलेला बलक जिरेपर्यंत दिवस-दोन दिवस तसेच पडून राहते. त्याला ओढून काढण्याची घाई अनेकदा प्राणघातक ठरते. नागाचे पिल्लू जन्मतःच विषारी असते व फणाही काढते. त्यामुळे शाळेत प्रदर्शनासाठी पिल्ले किंवा अंडी आणण्याचा विचार शिक्षकांनी करू नये. दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता प्रतिसर्पविष मिळणाऱ्या शासकीय रुग्णालयातच न्यावे. पिल्लांना खाऊ घालण्याची गरज नसते. वनाधिकारी ती अंडी सापडलेल्या परिसरातच, वस्तीपासून दूर सोडतात.

श्रावणात खड्डा पुन्हा उकरला की कधी नुसती चिरलेली, चपटी टरफले हाती लागतात. ती पाहून गावात धावपळ होते. पण टरफले कोरडी असतील तर पिल्ले केव्हाच धुऱ्याच्या बिळांकडे पांगलेली असतात.