मानणे आणि जाणणे

भाविकहो, वेदान्तशास्त्रात श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. आपण बहुधा पहिलीवरच बसून राहतो. आम्हीही बसलो होतो.

चोखोबांचे चरित्र आम्ही कीर्तनातून कित्येक वर्षे सांगत आलो. देव आत, चोखोबा महाद्वाराबाहेर. श्रोते डोळे पुसत, आम्हांस धन्यता वाटे. एकदा कीर्तन उरकल्यावर एका पोराने विचारले, "बुवा, तेव्हा तुम्ही आत असता, तर दार उघडलं असतं का?" आम्ही म्हटले, "बाळ, तेव्हा रूढीच तशी होती." पोर गप्प झाले. आमचे मन मात्र गप्प बसेना.

ही रूढी चोखोबांबरोबर संपली नव्हती. पंढरीचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी गावोगाव फिरून लोकांस विनविले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. ते त्याच महिन्यात सुटले. दार खुले झाले. तोवर दार लावून धरणारे सगळेच का दुष्ट होते? नव्हे. पुष्कळसे आमच्यासारखेच. वडील सांगत आले, यांनी मानले. विचारले मात्र नाही.

तात्पर्य, संप्रदाय वाट दाखवील, चालायचे आपले आपणच. "पोथीत होते, गुरूंनी सांगितले" ही सबब देवापुढे चालायची नाही. आपल्या मानण्याने कुणाचे दार बंद होते काय, एवढे तरी मनन प्रत्येकाने करावे. त्या पोराला आमचे उत्तर अजून द्यायचे आहे.

रामकृष्ण हरि.