पाय जुळले, पण व्होल्टेज?

सबमिशनला चार दिवस आणि १.२ व्होल्ट, ६० अँपिअरच्या सप्लायचा कंट्रोलर उडालेला! लॅमिंग्टन रोडला तोच आय.सी. मिळेना, पर्यायी मिळाला, पायही तंतोतंत जुळले. नशीब, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर चहा पिता पिता आम्ही डेटाशीट वाचली. मित्रांनो, पर्यायी आय.सी. घेताना एवढं तपासाच:

१) रेफरन्स : जुन्याचा ०.६ व्होल्ट, नव्याचा ०.८. फीडबॅकचे दोन्ही रेझिस्टर सारखे, म्हणजे आउटपुट रेफरन्सच्या दुप्पट. १.२ ऐवजी थेट १.६ व्होल्ट, बोर्डावरचा प्रोसेसर स्वाहा! खालचा रेझिस्टर वरच्याच्या दुप्पट केला, की पुन्हा १.२.

२) फेज : मार्गाचा रोध १ मिलिओहम धरा. एकाच फेजमधून ६० अँपिअर नेले तर ३.६ वॅट उष्णता. तीन फेजमध्ये २०-२० वाटले तर एकूण फक्त १.२ वॅट. म्हणून कमी फेजचा आय.सी. नको.

३) करंट सेन्सिंग : जुना शंटवर मोजत असेल आणि नवा इंडक्टरच्या तांब्यावर, तर करंट लिमिट नव्याने काढा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो.

आणि हो, पहिल्यांदा पॉवर देताना प्रोसेसर काढून ठेवा, डमी लोड लावा. आम्ही तेच केलं. मीटरवर १.२ दिसलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला!